दुखत नाही, मावशी

६ ऑगस्ट
जिल्हा इस्पितळ, पहिला मजला

आउरिका,

तू तिसऱ्या मजल्यावर, मी पहिल्यावर. मधे नुसता जिना आहे, पण तो चढायची मला बंदी. डॉक्टरांनी घातलेली नाही, तू घातलेली. काल मी भिंतीला धरत धरत वर आले तर तू दारात आडवी झालीस. "खाली जा, नाहीतर ओरडेन." मी निमूट खाली आले. तू ओरडली असतीस तर आत इलिंकाला ऐकू गेलं असतं, आणि पोर नळ्यांमध्ये गुरफटून पडली आहे.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. सिस्टर दोइना हे वर आणून देईल. भली पोर आहे, तिच्यावर राग काढू नकोस. अक्षर वेडंवाकडं दिसेल. डाव्या हाताने लिहिते आहे.

तुझ्या डोक्यात काय बसलंय ते मला ठाऊक आहे. आमच्या शेजारच्या सावेताने तुला तिकडे इटलीत, पादोव्हाला फोन करून सांगितलं, "दोघी हसत हसत डोंगर उतरल्या. पोरीच्या हातात रासबेरीची बादली होती. फ्लोआरेने तिच्याकडे वळून बघितलंसुद्धा नाही." सावेता तेव्हा आपल्या कुरणात गवत कापत होती. जे दिसलं तेच तिने सांगितलं. आम्ही हसत होतो हे खरं, बादली इलिंकाच्याच हातात होती हेही खरं. पण त्याआधी काय झालं ते सावेताला कुठून दिसणार? ते आम्ही दोघींनीच पाहिलं, आणि त्यातली एक अजून शुद्धीवर नाही.

जुन्या लाकूडगिरणीमागचं रासबेरीचं रान तुझ्या चांगल्या ओळखीचं आहे. पाऊस भुरभुरत होता म्हणून तिने माझ्या निस्तोरचा जाड रेनकोट चढवला होता, बाह्या दुमडून. ती झुडपांच्या त्या बाजूला, मी या बाजूला. बडबड चालली होती तिची, तुझ्याबद्दलच. म्हणत होती, पादोव्हाला आई ज्या म्हातारीला सांभाळते तिला आता आईच आपली मुलगी वाटते आणि स्वतःची मुलगी आली की तिला ती मोलकरीण समजते. मी हसले, आणि तेवढ्यात मला पिल्लू दिसलं. कुत्र्याएवढं असेल. मी फक्त "इलिंका" म्हणाले. ती माझ्याकडे वळली आणि तिच्या पाठीमागून त्याची आई आली.

अशा वेळी माणूस किंचाळत असेल असं मला वाटायचं. माझ्या तोंडून आवाजच फुटला नाही. अस्वलाने पोरीला पंज्याने उडवलं, ती तोंडावर आपटली, आणि मी धावले ती सरळ दोघींच्या मधे. हातात काठी होती की नव्हती, आठवत नाही. माझा हात तिच्या जबड्यात गेला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, ओली फांदी मोडावी तसा, आणि माझ्या मनात आलं, अगं बाई, कुणाचं मोडलं? माझाच हात होता तो, आउरिका, आणि मी 'कुणाचं' म्हणत होते.

मग पिल्लू झाडावर चढून ओरडायला लागलं आणि ती आम्हाला टाकून तिकडे वळली.

इलिंका उठली. कुणी हात न देता, स्वतःची स्वतः उठली. माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "मावशी, तुझा एक बूट गेला." खरंच गेला होता. "अस्वलाच्या मापाचा असेल," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसत सुटलो. आवरता आवरेना. 

मी विचारलं, "कुठे लागलं का गं?"

"नाही."

"पाठीत मारलं ना तिने?"

"धक्का बसला नुसता. दुखत नाही, मावशी."

तिने बादली उचलली आणि सांडलेली फळं गोळा करायला खाली वाकली. वाकली, आउरिका! मी दंडाला धरून ओढलं तिला. वाटेत पुन्हा विचारलं, ओढ्यापाशी पुन्हा विचारलं. दर वेळी तेच, दुखत नाही.

घराच्या फाटकाशी तिने बादली खाली ठेवली. म्हणाली, "मला थंडी वाजतेय." ऑगस्टात! मग ती बसली आणि बसल्या जागी आडवी झाली. रेनकोट काढला तर पाठीवर नुसती तीन भोकं. रक्त बाहेर फारसं नव्हतंच. ते सगळं आत साठत होतं.

ताप उतरला का, तेवढं दोइनाजवळ सांग. माझ्याशी बोलू नकोस, तिच्याजवळ सांग.

फ्लोआरे


१५ ऑगस्ट
जिल्हा इस्पितळ

आउरिका,

आज देवमातेचा सण. सकाळपासून चर्चच्या घंटा वाजताहेत. गावात असते तर मी शाळेच्या भट्टीत गोड पाव भाजले असते. इलिंकाने डोळे उघडले, पाणी मागितलं, हे मला दोइनाकडून कळलं. मी उशीत तोंड खुपसून इतकी रडले की शेजारच्या पलंगावरची बाई बेल वाजवायला लागली. तिला वाटलं कुणी गेलं.

तिचं एक मूत्रपिंड काढलं हेही दोइनाच बोलली.

काल माझ्याकडे दोन पोलीस आले होते. तू तक्रार दिली आहेस, जखमी मुलीकडे मावशीने दुर्लक्ष केलं म्हणून. त्यांनी मला एक रेकॉर्डिंग ऐकवलं. गेल्या पत्रात मी ती गोष्ट गाळली होती. लिहायला हात धजला नाही. ओढ्यापाशी मोबाइलला रेंज आली तेव्हा मी मदतीचा नंबर लावला होता. आता तूही ते ऐकलं असशील. पलीकडची बाई विचारते, "कुणी गंभीर जखमी आहे का?" आणि मी म्हणते, "नाही नाही. माझ्या हाताला चावलंय जरा. मुलगी ठणठणीत आहे, ही बघा, शेजारी उभी आहे." मागून इलिंकाचं हसणं ऐकू येतं.

त्यांच्याकडे त्याच वेळी ट्रॅक्टर उलटल्याचा फोन होता. गाडी आधी तिकडे गेली.

'हाताला चावलंय जरा.' माझी दोन्ही हाडं कातडीबाहेर आली होती. ती मी पाहत होते, जणू खाटकाच्या दुकानात टांगलेलं काहीतरी बघावं तशी. कळ म्हणशील तर मुंगी चावल्याइतकीसुद्धा नव्हती. गाडीत एकीचीच जागा होती म्हणून आधी इलिंकाला चढवलं, दार लागलं, ती वळणाआड गेली, आणि मग माझा हात दुखायला लागला. अशी कळ आली की मी रस्त्यावर गुडघ्यांवर बसले आणि निस्तोरच्या हाताला चावले.

इथे डॉक्टर हात्सेगान म्हणून बाई आहेत. भूल देतात, दुखण्यावरचा इलाज करतात. तोंडाने फटकळ आहेत. मी त्यांना विचारलं, "मी वेडी आहे का हो? माझ्या बहिणीला वाटतं मी खोटं बोलते. मला स्वतःलाही आता तसंच वाटायला लागलंय."

त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. म्हणाल्या, "वेड्या नाही. घाबरला होतात. जिवावर बेतलं की मेंदू आधी जीव वाचवायचं बघतो, दुखणं मागे ठेवतो. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे. भीतीचा हुकूम सुटला की तिथे एक मोठा रेणू तुटतो आणि त्याचे तुकडे रक्तात उतरतात. एक तुकडा हार्मोन बनून मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना जाऊन उठवतो, की पळा, लढा. दुसरा तुकडा एंडॉर्फिन, अफूच्या जातीचा. तसलीच अफू मेंदूच्या आतही सुटते. ती पाठीच्या कण्यातून वर जाणारं दारच ओढून घेते. खालून हात कितीही ओरडला तरी वर ऐकू येत नाही."

"म्हणजे पोर खोटं बोलली नाही?"

"खरं तेच बोलली. तिला दुखत नव्हतं. सगळ्यांनाच असं होतं असं नाही, कुणाला तिथल्या तिथे कळ येते. तुम्हा दोघींना आली नाही."

"आणि हसू?"

"तेही त्यातलंच. मरणाच्या दारातून परत आलात, अफू अंगात. हसाल नाहीतर काय?"

मग मी विचारलं, जे तूही विचारलं असशील. गाडी आधी आली असती तर? त्यांनी खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, "मूत्रपिंड कदाचित वाचलं असतं. पण तिला तिथे दुखलं असतं तर ती उठली नसती. तुमच्या एका हाताने तुम्ही तिला उचलू शकला नसतात. आणि पिल्लाची आई तिथेच होती."

या दोन्ही गोष्टी मी रोज आळीपाळीने मनात धरून बघते. एक धरली की दुसरी निसटते.

तक्रार मागे घे असं मी म्हणत नाही. फक्त मला एकदा वर येऊ दे. दारातून बघेन आणि जाईन.

फ्लोआरे


३ सप्टेंबर
पोयाना रेचे

आउरिका,

तू मला वर येऊ दिलं नाहीस. मला घरी सोडलं त्या दिवशीही नाही. निस्तोर वर आला तर त्याच्या हातातली पिशवी घेतलीस, आत काय आहे ते पाहिलंस आणि दार लावलंस. पनीर होतं त्यात, दुसरं काय असणार? विष?

माझी करंगळी आणि शेजारचं बोट काढलं. पोळी लाटायला त्यांचं काही काम नसतं म्हणून निस्तोर माझी समजूत घालतो. इतक्या वर्षांच्या संसारातही त्याला समजूत घालायला जमलेलं नाही. परवा तो मेंढवाड्यावरून खाली आला, मला अंगणात येरझाऱ्या घालताना बघितलं आणि म्हणाला, "शहरात जा नाहीतर गप्प बस. पण हे थांबव. कुत्रीसुद्धा वैतागलीत."

गप्प कशी बसू? काल इलिंकाचा फोन आला होता. तू शहरात भाड्याने घेतलेल्या त्या खोलीतून, न्हाणीघरात नळ सोडून. हळू आवाजात बोलत होती. म्हणाली, "मावशी, जखम भरलीय म्हणतात, पण दुखणं वाढतंय. आधी गोळी घेतली की दुपारपर्यंत बरं असायचं. आता गोळी पोटात जाते आणि काही होत नाही. सगळ्या पाठीत निखारे ठेवल्यासारखं होतं. आई चिडते, म्हणते तू सहन करायला शिक." मग दारावर तुझी थाप ऐकू आली आणि फोन बंद झाला.

सहन करायला शिक? ज्या पोरीने फाटलेल्या पाठीने डोंगर उतरला तिला तू हे सांगतेस?

आता ऐक. माझ्याही सहनशक्तीला अंत आहे. सावेता म्हणते तू तिला इटलीला नेणार. कुठल्या तोंडाने? सात वर्षांची होती ती, तू बसमध्ये बसलीस तेव्हा. तिचा बाप स्पेनला पळाला आणि तू इटलीला. दोघंही पळपुटे. तिला कांजिण्या झाल्या तेव्हा कोण बसलं होतं? तिच्या पहिल्या पाळीला कोण होतं? शाळेत तिला 'युरोची पोर' म्हणून चिडवायचे तेव्हा मास्तरांच्या दारात जाऊन कुणी आरडाओरडा केला? तू दर महिन्याला खोकं पाठवायचीस, चॉकलेटं आणि अंगाला न होणारे कपडे. कारण ती किती वाढली ते तुला माहीतच नव्हतं.

तिला नेऊन तर बघ. तू माझ्यावर तक्रार केलीस ना? मीही कोर्टात उभी राहीन. आई कोण ते पोरीला विचारू.

फ्लोआरे


२७ सप्टेंबर
पोयाना रेचे

आउरिका,

त्या दिवशी तू खोलीत होतीस, सगळं तुझ्यासमोरच झालं. तरी लिहिते, कारण भांडणातलं माणूस आपल्या सोयीने लक्षात ठेवतं. मीसुद्धा ठेवते. आणि तू निघून गेल्यावर जे झालं ते तुला माहीत नाही.

मी शहरात यायला नको होतं. तुझ्या खिडकीखाली उभी राहून मी हाक मारली आणि तू वरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोललीस. "हात तुटला तरी तोंड तुटलं नाही तुझं!" मीही काही कमी बोलले नाही. आपण दोघी भाजीबाजारातल्या बायकांसारख्या तोंडाला तोंड देत होतो आणि पोर जिना उतरत होती हे दोघींपैकी एकीनेही पाहिलं नाही. मग तिची किंकाळी ऐकू आली. जिन्याच्या मधल्या पायरीवर ती दुमडून पडली होती, पाठीला हात लावू देत नव्हती. मला वाटलं, आत पुन्हा काहीतरी फुटलं. तुलाही तेच वाटलं. इस्पितळात नेईपर्यंत तू माझा चांगला हात घट्ट धरून ठेवला होतास. तुझ्या ते लक्षातही नसेल.

डॉक्टर हात्सेगाननी फोटो बघितले, रक्त बघितलं, आणि आपल्या तिघींना समोर बसवलं. "आत काही नाही. जखम छान भरलीय."

तू म्हणालीस, "मग ही नाटक करतेय का?"

"नाही. दुखतंय ते खरंच दुखतंय."

"वा! डोंगरावर दुखत नव्हतं ते खरं, आता दुखतंय तेही खरं. सगळं तुमच्या सोयीचं."

डॉक्टर चिडतील असं मला वाटलं, पण त्या शांतपणे म्हणाल्या, "भीती घटकाभर आली तर मेंदू दुखणं दाबतो. पण तीच भीती घरात मुक्कामाला आली, रोज उठून आता काय होणार याचा घोर लागला, तर ती यंत्रणा थकते. तीच हार्मोन मग उलटी वागतात. बंद करायचं दार उघडंच राहतं आणि साधा स्पर्शही आगीसारखा वाटतो. मी हिच्या गोळ्या वाढवत नेल्या तर पुढे त्यांची सवय लागेल. मला ते नको आहे. मला सांगा, घरात काय चाललंय?"

तू माझ्याकडे बोट केलंस. मी तुझ्याकडे केलं. दोन थोराड बायका!

तेव्हा इलिंका बोलली. तुझ्याकडे बघून. "आई, तुझ्या पायात काच होती."

तू म्हणालीस, "त्याचा इथे काय संबंध?"

"माझी बातमी कळली तेव्हा तुझ्या हातून बरणी पडून फुटली. तू त्याच काचांवरून अनवाणी पळालीस. म्हातारी ओरडत राहिली की फरशी लाल झाली. तूच सांगितलंस मला. मग तशीच मोजे-बूट घालून बसमध्ये बसलीस, इथे आलीस, माझ्या खाटेजवळ उभी राहिलीस. दोइनाने तुझा मोजा काढला तेव्हा टाचेत काच निघाली. बसमध्ये दुखलं?"

"मला बघायला वेळ नव्हता."

"बघितलंस का विचारत नाही. दुखलं का?"

तू पर्स उचललीस आणि निघून गेलीस. दार तू आपटलं नाहीस, हे मी लक्षात ठेवलं आहे.

आता पुढचं. खरं सांगते, मला आनंद झाला होता. मला वाटलं, पोरगी माझ्या बाजूने बोलली. मी तिच्या खुर्चीशेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "चल, घरी जाऊ. निस्तोर वाट बघतोय."

ती म्हणाली, "मावशी, मला आईबरोबर जायचंय."

डॉक्टर उठून खिडकीपाशी गेल्या.

मी विचारलं, "आत्ता ठरवलंस?"

"जूनपासून. रासबेरी काढायला गेलो त्या दिवशी सांगणार होते. म्हातारीची गोष्ट सांगून झाली की सांगायचं असं ठरवलं होतं. धीरच होत नव्हता. तू आईला पळपुटी म्हणतेस. मी गेले की मीही पळपुटी."

"मी तुला कधी…"

"तू पत्रात लिहिलंस. आई तुझी पत्रं मला मोठ्याने वाचून दाखवते. म्हणते, ऐक तुझी मावशी काय लिहिते. तुझं कोर्टाचं पत्र तिने दोनदा वाचलं. त्या दिवसापासून मला उताणं झोपता येत नाही."

आउरिका, अस्वलाने माझा हात चावला तेव्हा मला काही कळलं नव्हतं. हे मात्र तिथल्या तिथे कळलं. मी तुला टोचावं म्हणून लिहीत होते आणि ते तिच्या पाठीत जात होतं. तू मला दोषी ठरवावं म्हणून वाचत होतीस आणि तेही तिच्याच पाठीत.

मी तिला म्हणाले, "जा." तेवढंच तोंडून निघालं. मग ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली आणि मी तिच्या पाठीला हात लावायचा नाही हे लक्षात ठेवून तिचे केस धरून बसले.

घेऊन जा तिला. मी अडवणार नाही, कोर्टात जाणार नाही. तिला मक्याच्या पिठाचं मामालिगा आंबट सायीबरोबर लागतं, पनीर वरून किसून. थंडीत तिचे ओठ फाटतात. परीक्षेच्या आधी ती जेवत नाही, जबरदस्ती करू नकोस, खिशात अक्रोड ठेव. तिच्या अंगाला आता कुठल्या मापाचे कपडे लागतात ते कागदाच्या मागे लिहिलं आहे.

हे पत्र तिला वाचून दाखव किंवा दाखवू नकोस. दुखेल असं यात काही ठेवलेलं नाही. निदान मी तसा प्रयत्न केला आहे.

फ्लोआरे


११ डिसेंबर
पोयाना रेचे

आउरिका,

तक्रार मागे घेतलीस हे मला पोलिसांकडून कळलं. आभार मानू की नको हे ठरवण्यात दोन आठवडे गेले, मग राहूनच गेलं. आता मानते.

इथे बर्फ पडलं आहे. मेंढ्या खाली आल्या. वनखात्याच्या माणसांनी ती मादी आणि तिचं पिल्लू पकडून दूरच्या जंगलात नेऊन सोडलं. गावातले बाप्ये बंदुका घेऊन तयार होते, त्यांचा विरस झाला. मला विचारलं तर मी म्हणाले, न्या कुठेही, पण मारू नका. का म्हणाले ते मला सांगता येणार नाही. सावेता तेव्हापासून मला संत म्हणून चिडवते.

मी परत शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जायला लागले आहे. पोरं माझा हात बघायला मागतात. पहिले काही दिवस मी लपवायचे, आता दाखवते.

हात्सेगानबाईंनी मला सांगितलं की इलिंका पादोव्हाहून दर आठवड्याला त्यांच्याशी व्हिडिओवर बोलते. गोळ्या निम्म्यावर आल्या म्हणे. पोहायला जाते. रविवारी तू तिच्याबरोबर नदीकाठाने चालतेस आणि दोघी फारसं बोलत नाही, असं ती मला म्हणाली. मी विचारलं, "मग करता काय?" तर म्हणे, "चालतो." पूर्वी असतं तर मी यावर काहीतरी तिरकस लिहिलं असतं.

मला एक गोष्ट सारखी छळते. तू बसमध्ये तशी टाच घेऊन आलीस. दीड दिवस. सीमेवर उतरली असशील, स्वच्छतागृहात गेली असशील, कॉफी घेतली असशील, त्याच पायावर. मी तेव्हा पहिल्या मजल्यावर पडून मनात म्हणत होते, आली का ही आता, इतक्या वर्षांनी आई बनायला. मला तुझा पाय दिसला नाही. तुला माझा हात दिसत होता आणि तरी दिसला नाही. आपण दोघी एकाच आईच्या पोटच्या, दुसरं काय होणार.

परवा तुझी चिठ्ठी आली. पाकिटावर तुझं अक्षर बघून मी बराच वेळ ते उघडलंच नाही. निस्तोर म्हणाला, "उघड, चावत नाही ते." आत तीनच वाक्यं होती. "नाताळला इलिंकाने तुला बोलावलं आहे. मी बोलावलेलं नाही. पण ये."

तिकीट काढलं आहे. मी आयुष्यात देशाबाहेर पाऊल टाकलेलं नाही, बसमध्ये मला मळमळतं, आणि तुझ्या म्हातारीच्या घरात मी कुठे झोपणार हेही मला माहीत नाही. निस्तोर येत नाही, मेंढ्या आहेत. स्मोक केलेलं डुकराचं मांस, पनीर आणि आलुबुखारची दारू एवढं आणते आहे. म्हातारीला चालत नसेल तर तिला सांगू नकोस.

तू स्टँडवर येऊ नकोस. थंडी असते. पत्ता माझ्याकडे आहे, विचारत विचारत येईन. तोडकंमोडकं इटालियन इलिंकाने फोनवर शिकवलं आहे. जिना चढून बेल मी वाजवीन.

फक्त एवढं कर. दार तू उघड. इलिंकाला पाठवू नकोस.

तुझी ताई